वहनव्यय : त्र्यंबक ते आपेगाव, सात दिवस

दिवस पहिला : त्र्यंबक, गंगापूर धरण

माझं आजोळ राहाता तालुक्यात, गोदावरीच्या उजव्या कालव्यावर. लहानपणी सुट्टीत तिथे असलो की 'पाणी सुटलं' ही बातमी घरात सोयरीक जमल्यासारखी यायची. मामा रात्री बॅटरी घेऊन चारीवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यावर, जायचा आणि पहाटे गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परतायचा. मोठा झालो तसा दुसरा एक शब्द कानावर पडू लागला, 'पळवलं'. आमच्याकडची माणसं म्हणायची, आमचं पाणी जायकवाडीने पळवलं. पुढे नोकरीत मराठवाड्यातले सहकारी भेटले. ते म्हणायचे, वरच्यांनी आमचं पाणी पळवलं. दोन्हीकडची माणसं सारख्याच पोटतिडकीने बोलत. पैठणचं हे जायकवाडी धरण मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून या डिसेंबरात आठवड्याची रजा काढली, मोटारसायकल घेतली आणि पाणी पडतं तिथून निघून त्याच्या काठाकाठाने खाली जायचं ठरवलं.

सकाळी त्र्यंबकला पोचलो. ब्रह्मगिरी स्वच्छ दिसत होता, कड्यांवरचं गवत पिवळं पडायला लागलेलं. इथून निघालेली नदी १४६५ किलोमीटर वाहून आंध्रात समुद्राला मिळते. पण गावात शिरल्यावर ती शोधावी लागते, कारण बराच भाग ती काँक्रीटच्या स्लॅबखालून जाते. एका ठिकाणी रस्त्यात कान देऊन उभा राहिलो तर खालून बारीक खळखळ ऐकू आली. मी थोडा वेळ तिथेच थांबलो. नदीशी माझी पहिली भेट अशी, पायाखालच्या आवाजाने झाली.

दुपारी गंगापूर धरण. मातीचा लांब बांध, आणि पलीकडे निळं पाणी. क्षमता साधारण साडेपाच टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २८३१ कोटी. धरण झालं तेव्हा क्षमता याहून बरीच जास्त होती, गाळाने ती खाल्ली. नाशिक शहर याच धरणावर जगतं आणि वाढतंय. त्याची तहान भागावी म्हणून वर काश्यपी आणि गौतमी-गोदावरी ही धरणं झाली, आता किकवीचं नाव घेतलं जातं. त्र्यंबक-इगतपुरीच्या पट्ट्यात वर्षाला दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून दोन तासांच्या अंतरावर, कोपरगावाकडे, तो पाचशेच्या आसपास येतो. सगळं भांडण या दोन तासांच्या अंतरात आहे.

दिवस दुसरा : नाशिक, ओझर, चांदोरी

पहाटे रामकुंडावर गेलो. पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती ही नाशिककरांची पूर मोजायची पट्टी. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, असं सांगायचं आणि ऐकणाऱ्याला काय ते कळतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तो बुडाला होता. त्या वर्षी मराठवाड्यात पावसाने डोळे वटारले होते, तिथे पेरण्या वाळत होत्या आणि जायकवाडी मात्र निव्वळ नाशिकच्या पुरावर भरत होतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० पासून मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. एकूण पाऊस तेवढाच किंवा कमी, पण येतो तेव्हा एकदम येतो. धरणांचे आराखडे जुन्या पावसावर काढलेले आहेत. पाणीवाटपाचे करारही.

शहराच्या खाली नदीचा रंग बदलतो. शहराने वापरलेलं पाणी प्रक्रिया केंद्रांतून, आणि काही ठिकाणी तसंच, परत पात्रात येतं. त्यावर पानवेली पोसतात. पुलाच्या खांबांना अडून त्यांची हिरवी गादी झालेली होती, तिच्यावर बगळे चालत होते.

ओझरला मुद्दाम वाट वाकडी केली. वाघाड प्रकल्पावरच्या पाणीवापर संस्थांबद्दल बरंच वाचलं होतं. समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९०-९१ च्या सुमारास इथल्या शेतकऱ्यांना एकत्र आणलं आणि पुढे अख्ख्या प्रकल्पाचं पाणी शेतकऱ्यांच्याच हाती आलं. पाणी मोजून घ्यायचं, मोजून वाटायचं, पाळी कालव्याच्या शेपटाकडून, म्हणजे शेवटच्या शेतापासून, सुरू करायची. एका संस्थेचे कार्यकर्ते चारीवर भेटले. त्यांच्याशी बोलताना जाणवलं की ते 'आमचं पाणी' म्हणत नाहीत, 'आमचा कोटा' म्हणतात. कोटा म्हटलं की बाकीच्यांचाही असतो. मला तो शब्द आवडला.

वहनव्यय हा शब्दही इथेच भेटला. धरणातून दहा माप पाणी सोडलं आणि शेतावर सहा पोचलं, तर मधल्या चार मापांना वहनव्यय म्हणतात. म्हणजे वाटेत मुरलेलं, झिरपलेलं, वाफ झालेलं पाणी. वहीत तो शब्द लिहिला आणि खाली रेघ मारली.

संध्याकाळी चांदोरी. नदीच्या पात्रात जुनी हेमाडपंती देवळं आहेत, पावसाळ्यात पाण्याखाली जातात. चांदोरी-सायखेड्याला पूर नवा नाही. चहा घेताना एक बागायतदार दादा म्हणाले, "खाली मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात गाळ साठलाय. पाणी मागं सरतंय आणि आमच्या गावात घुसतंय. गाळ काढा म्हणून किती वर्षं सांगतोय." मी विचारलं, गाळ काढला तर पक्ष्यांचं काय? ते जरा थांबले. म्हणाले, "पक्षी आमचेबी आहेत. पण घरात पाणी आल्यावर माणूस पक्षी बघत नाही."

दिवस तिसरा : नांदूर मध्यमेश्वर

पहाटे साडेपाचला चापडगावच्या बाजूने बंधाऱ्यामागच्या पाण्यावर गेलो. धुकं इतकं की मनोऱ्यावर चढूनही पाणी दिसेना, नुसता आवाज. हजारो गळ्यांची मिसळलेली कुजबुज, मधूनच शिटी, मधूनच पाण्यावर पंख आपटल्याचा फटका. उजाडायला लागलं तसं धुकं खालून विरलं आणि पहिल्यांदा दिसले वारकरी. काळेकुट्ट अंग, कपाळावर पांढराशुभ्र टिळा. या पक्ष्याला मराठीने वारकरी म्हणावं यात नवल नाही. उडायचं झालं तर वारकरी थेट उडत नाही, आधी पाण्यावर धावतो. पायांचे थपथप ठसे उठतात, वीस-पंचवीस पावलं झाली की मग कुठे अंग उचललं जातं. मी एकाचे ठसे विरेपर्यंत पाहत राहिलो.

उजवीकडे पाणकणसात जांभळ्या पाणकोंबड्या देठ सोलून खात होत्या, एका पायात देठ धरून, माणसाने ऊस धरावा तसा. पलीकडे उथळ गाळात चमचे रांगेने चोच हलवत चाललेले. चक्रवाकांची जोडी, थापट्या बदकांचा थवा, गोगलगायी शोधणारे मुग्धबलाक. दलदली हारिण हा शिकारी पक्षी पाण्यावरून अगदी खालून उडत गेला आणि अख्खं तळं एकदम उठलं. आकाश भरून गेलं, आणि मिनिटभराने पुन्हा बसलं.

हे सगळं निसर्गाने आपण होऊन मांडलेलं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो. गोदावरी आणि कादवेच्या संगमाखाली इंग्रजी अमदानीत, शंभरहून अधिक वर्षांपूर्वी, कालव्यांत पाणी वळवायला हा दगडी बंधारा बांधला. वरून गाळ येत गेला, पाणी उथळ झालं, बेटं झाली, पाणकणीस उगवलं. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात तो बंधारा निकामी होत गेला आणि नेमका तेवढाच तो पक्ष्यांच्या कामाचा होत गेला. १९८६ साली अभयारण्य झालं. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून ते जाहीर झालं, लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतर आली. आज या जागेची तीन मापं आहेत. कालवा विभागासाठी पाणी वळवायची जागा, चांदोरीसाठी पूर मागे लोटणारी भिंत, आणि सायबेरिया-मध्य आशियातून येणाऱ्या पाखरांसाठी हिवाळ्याचं घर. यातलं एकही माप खोटं नाही.

पक्ष्यांची एक गरज तिथल्या स्थानिक मार्गदर्शक मुलाने मला नीट समजावली. गावातलाच, विशीतला. "सर, पाणी किती आहे यापेक्षा किती खोल आहे हे महत्त्वाचं. कालव्याला आवर्तन सुटलं की इथली पातळी हलते. एकदम वर गेली तर चमच्यांना गाळ सापडत नाही, ते निघून जातात. एकदम उतरली तर बदकं उघडी पडतात." मग त्याने हाताने दाखवलं, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. "एवढ्यात पाहिजे."

दोन विती पाणी, महिना-दोन महिने, फार हलवाहलव न करता. मागणी एवढीच आहे. आवर्तनाच्या, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या, तारखा ठरवणाऱ्या बैठकीत शेतकरी असतात, कारखानदार असतात, आमदार असतात, नगरपालिकांचे अधिकारी असतात. त्या मुलाच्या हाताचं माप तिथे कोण सांगणार? मला मनापासून वाटतं, त्याला त्या बैठकीत खुर्ची मिळाली पाहिजे.

दुपारपर्यंत तिथेच बसलो. दुसरं काही केलं नाही.

दिवस चौथा : कोपरगाव, राहाता

आज कालव्याच्या काठाने. बंधाऱ्यातून डावा आणि उजवा असे गोदावरीचे दोन कालवे निघतात, वरून त्यांना मुख्यतः दारणा आणि गंगापूरचं पाणी येतं. दारणा धरण १९१६ साली पुरं झालं. हा सगळा पट्टा तेव्हा दुष्काळी. जिरायत बाजरी-ज्वारी वाचावी म्हणून कालवे खणले, पण पाणी आल्यावर ऊस आला. विश्वेश्वरय्यांनी नीरेच्या कालव्यांवर बसवलेली, ठरावीक जमिनीला पाणी बांधून देणारी ब्लॉक पद्धत इथेही आली, आणि आजही म्हातारी माणसं 'आमचा ब्लॉक' असं मालकीच्या सुरात बोलतात. पुढे प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि त्या धर्तीवर कारखान्यांची रांग लागली. माझ्या आजोबांच्या पिढीने या पाण्यावर घरं बांधली, मुलं शिकवली. मी स्वतः त्याच पाण्यावर शिकलेल्या आईचा मुलगा आहे. म्हणून 'ऊसवाले पाणी पितात' असं कोणी सरसकट म्हटलं की मला लागतं. आणि ऊस वर्षभर उभा राहून किती पाणी घेतो हे माहीत असल्याने मी त्याचा बचावही करू शकत नाही.

मामा आता सत्तरीपुढचा. संध्याकाळी त्याच्याबरोबर चारीवर गेलो. चारीला पाणी नव्हतं, तळाशी ओल होती. विहिरीत डोकावला आणि म्हणाला, "कालव्याला सिमेंटचं अस्तर करायचं म्हणतात. पाणी वाचेल म्हणे. कोणाचं वाचेल? ही विहीर कशावर आहे, सांग बरं."

"कालव्याच्या पाझरावर."

"मग? त्यांच्या कागदावर जी गळती आहे, ती माझी विहीर आहे."

रात्रभर ते वाक्य डोक्यात होतं. कागदावरची गळती कोणाची तरी विहीर असते. त्याचवेळी मामाच्याच शिवारात कालव्यालगतचं दीड एकर चोपण पडलेलं आहे, पाझर जास्त झाला आणि क्षार वर आले. आता तिथे पांढरा थर आहे, गवतसुद्धा धड येत नाही. कालव्यापासून चार शेतं आत असलेल्या विहिरीला पाझर पुरतो आणि कालव्याला खेटून असलेल्या जमिनीला तो बुडवतो. किती मुरावं याचंही एक माप आहे.

मामाने दुसरी एक गोष्ट सांगितली. राहात्याच्याच दुसऱ्या टोकाला आणि संगमनेरकडे अशी गावं आहेत जिथे परवापरवापर्यंत पाट नव्हता. निळवंडे प्रकल्पाला १९७० साली मान्यता मिळाली आणि डाव्या कालव्यात पाणी आलं २०२३ साली. त्रेपन्न वर्षं! वरच्या भागात सगळे बागायतदारच राहतात असं मराठवाड्यात वाटतं. या गावांनी स्वतःला बागायतदार कधी समजावं?

दिवस पाचवा : प्रवरासंगम

आज नदीकाठाने पूर्वेला. नदीवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की दगडी खांबांच्या खाचांत लोखंडी फळ्या बसवतात आणि उरलेलं पाणी अडवतात. एका बंधाऱ्यावर उतरून फळी जवळून पाहिली. खाचेला गंजाची किनार, खालच्या फटीतून बोटभर जाडीची धार सुटलेली, आणि त्या धारेखाली वितभर डबक्यात चिमुकले मासे उलट तोंड करून एकाच जागी पोहत होते. बंधाऱ्याखालची नदी त्या क्षणी तेवढीच होती.

तिथे मोटार दुरुस्त करत असलेल्या शेतकऱ्याने २०२३ ची गोष्ट सांगितली. त्याआधी कायदा थोडक्यात सांगायला हवा. २००५ साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. त्यात तत्त्व असं की ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सगळ्या धरणांतल्या पाण्याची टक्केवारी साधारण सारखी असावी. ते अमलात कसं आणायचं यावर मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये गणित मांडलं. १५ ऑक्टोबरला, खरिपाचा वापर धरून, जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी भरला तर वरून पाणी सोडायचं. २०१४ साली प्राधिकरणाचा आदेश आला, २०१६ साली उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. २०१५ साली १२.८४ टीएमसी सोडायचं ठरलं होतं. २०२३ साली ८.६ टीएमसी : मुळा, प्रवरा, दारणा आणि गंगापूर या धरणसमूहांतून. ६५ चा आकडा खाली आणावा अशी शिफारस नंतर झाली आहे आणि त्यावर दोन्हीकडे रान पेटलं आहे.

"पाणी सोडलं तेव्हा आधी फळ्या काढल्या," तो शेतकरी म्हणाला. "मग काठाची लाईट तोडली, कोणी मोटर लावू नये म्हणून. बंदोबस्त होता. आम्ही काठावर उभं राहून पाणी जाताना पाहिलं. वाईट वाटलं का? वाटलं ना. पण खरं सांगू का, नदी तेव्हा नदीसारखी दिसली. डिसेंबरात अशी भरून वाहताना मी शाळेत असताना पाहिली होती."

ते पाणी सुटलं त्याच आठवड्यात वर निफाडकडे द्राक्षांवर गारा पडल्या होत्या. एकीकडे दुष्काळाचं पाणीवाटप, दुसरीकडे अवकाळीचे पंचनामे, एकाच नदीवर, एकाच आठवड्यात. परतीचा पाऊस आता ऑक्टोबरातही रेंगाळतो आणि हिशेबाची तारीख मात्र १५ ऑक्टोबर. तारीख बदलावी की नाही हे जाणकारांनी ठरवावं, पण ज्या ऋतुचक्रावर ती बेतली होती ते हलतंय, हे काठावरच्या प्रत्येकाला दिसतंय.

सोडलेलं पाणी सगळं जायकवाडीत पोचत नाही. कोरडं पात्र आधी पितं, वाळू पिते, काठच्या विहिरी पितात, पानवेली आणि करंज-जांभळीची मुळं पितात. वरचे म्हणतात, बघा, निम्मं वायाच गेलं. खालचे म्हणतात, वाटेत चोरलं. आणि नोंदवहीत लिहिलं जातं : वहनव्यय.

पण नदीच्या पात्रातून वाहताना पाण्याने जे केलं, ते तर नदीचंच काम होतं! वाळू भिजवणं, डोह भरणं, माशांना एका डोहातून दुसऱ्यात जाऊ देणं. पिण्याला वाटा आहे, शेतीला आहे, उद्योगाला आहे. २००३ च्या राज्य जलनीतीत उद्योग शेतीच्या आधी होता, २०११ साली शेती पुढे आणली, त्यावर केवढी चर्चा झाली. २००२ च्या राष्ट्रीय जलनीतीत परिसंस्था चौथ्या क्रमांकावर लिहिलेली होती. धोरणात क्रमांक मिळाला. पण या पाच दिवसांत मी पाहिलेल्या एकाही कालव्याच्या, बंधाऱ्याच्या, धरणाच्या फलकावर नदीच्या नावापुढे आकडा नव्हता. तिला जे मिळतं ते गळती म्हणून मिळतं.

संध्याकाळी टोक्याच्या सिद्धेश्वर मंदिराच्या घाटावर बसलो. इथे प्रवरा मिळते, आणि पाणी संथ, रुंद होतं. जायकवाडीचा फुगवटा इथपर्यंत येतो. थंडी चांगलीच होती.

दिवस सहावा : पैठण

धरण पाहिल्यावर पहिल्यांदा मी काहीच बोललो नाही. दहा किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे, आणि पलीकडे क्षितिजाला टेकलेलं पाणी. समुद्रासारखं म्हणतात ते खोटं नाही, लाटासुद्धा आहेत. भूमिपूजन १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते, लोकार्पण १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते. एकूण क्षमता १०२ टीएमसीच्या वर, त्यातलं उपयुक्त ७६, आणि सुमारे २६ मृत साठा, म्हणजे कालव्यांत उतरू न शकणारं तळाचं पाणी. नाव जायकवाडी हे बीड जिल्ह्यातल्या गावाचं, कारण धरण आधी तिथे योजलं होतं. नाथसागराखाली, म्हणजे या धरणाच्या जलाशयाखाली, शंभरावर गावं गेली. त्या गावांचं पाणी त्यांच्या डोक्यावर उभं राहिलं, हेही या हिशेबात कुठेतरी धरलं पाहिजे.

यावर छत्रपती संभाजीनगर आणि जालना पाणी पितात, कारखाने चालतात, डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा १३२ किलोमीटर जातो. मृत साठ्यातून पिण्यासाठी पाणी उपसायची वेळ इथे एकदा नव्हे, अनेकदा आली आहे. 'वरच्यांनी पळवलं' या वाक्यामागे काय आहे ते इथे उभं राहिल्यावर कळतं. कालव्याच्या शेपटाला राहणाऱ्याला वरच्या प्रत्येक दरवाजाची भीती वाटते. मामाच्या चारीवरही शेपटाचा माणूस असाच बोलतो.

एक साधं गणित काठावर बसून केलं. धरण भरलं की पाण्याचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर. त्यावरून एक सेंटीमीटर पाणी उडालं तर ३५० कोटी लिटर गेलं. हा भाग तापतो, धरण उथळ आहे, आणि उन्हाळे आणखी कडक होत आहेत. वरच्यांनी सोडो न सोडो, सूर्य आपला वाटा रोज उचलतो. म्हणूनच वरचे म्हणतात की पाणी घाटाजवळ खोल धरणांत ठेवलं तर कमी उडेल. तांत्रिकदृष्ट्या त्यात तथ्य आहे. पण वर ठेवलेलं पाणी खालच्याला वेळेवर मिळेल, हा भरवसा कुठून आणायचा?

दुपारी एका भोई काकांच्या होडीत बसलो. जाळ्यात चिलापी निघाली, लहान-लहान. "पूर्वी मोठे मासे यायचे," ते म्हणाले. मग हाताने पाण्याकडे दाखवलं. "आता यावर सोलर तरंगवणार म्हणतात. आम्ही जाळं कुठं टाकायचं?" तरंगत्या सौर प्रकल्पाचा हा वाद हरित लवादापर्यंत आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि विरोध करणाऱ्यांची याचिका फेटाळली गेली. कोळसा जाळायचा नाही तर सूर्याची वीज हवीच. पाण्यावर सावली पडली तर बाष्पीभवनही कमी होईल. पण नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि या काकांची शेती म्हणजे हे उघडं पाणी. तापमानवाढ थांबवायचा उपायही शेवटी कोणाच्या तरी जाळ्याच्या जागेवरच उभा राहतो.

पाणी उतरत जातं तशी काठची गाळाची जमीन उघडी पडते. तिथे लोक गाळपेर करतात, हरभरा, गहू, टरबूज. नुकती उघडी पडलेली एक पट्टी काकांनी दाखवली. अर्ध्या भागात हरभऱ्याचे कोंब, अर्ध्या भागात शेकाटे पक्षी लांब लाल पायांवर गाळ टिपत फिरत होते. मधे कुंपण नव्हतं. पुढच्या आठवड्यात पाणी आणखी वीतभर उतरलं की दोघंही खाली सरकणार.

"आणि पाणी जास्त झालं तर?" मी विचारलं.

"२००६ ला झालं होतं," काका म्हणाले. "पैठण अर्धं पाण्यात होतं. भरलेलं धरण पाहिजे, पण पुराला जागाबी ठेवली पाहिजे. दोन्ही कसं करणार, तुम्हीच सांगा."

मला सांगता आलं नाही.

दिवस सातवा : आपेगाव

परतायच्या आधी धरणाच्या खाली जायचं होतं. आपेगाव हे ज्ञानेश्वरांच्या घराण्याचं गाव, नदीकाठी. इथेही पात्रात उच्च पातळी बंधारा आहे, पुढे हिरडपुरीला दुसरा. बंधाऱ्यामागे पाणी शांत उभं, खाली वाळू आणि मधूनमधून डबकी. धरणाचे दरवाजे बंद, त्यामुळे वरून येणारं काही नाही.

पात्रात मेंढ्यांचा कळप बसला होता. हिवाळ्यात मेंढपाळ कुटुंबं नदीकाठ धरून हिंडतात, कोणत्याच पाणीवाटपाच्या यादीत त्यांचं नाव नसतं. कळपापासून थोडं दूर एक बाई वाळूत झिरा खणत होती. हाताने ओली वाळू उपसून कोपरभर खड्डा केला, कडेला दगड लावले आणि वाटी घेऊन बसली. मी जवळ जाऊन विचारलं, "मावशी, तिकडे बंधाऱ्यात एवढं पाणी आहे की."

"ते जनावरांला. प्यायला हे चांगलं. वाळूतनं गाळून येतं."

खड्ड्याच्या तळाला आधी नुसती चकाकी आली. मग कडेच्या वाळूतून एक कण सुटला, त्याच्या जागी थेंब आला, थेंबाचा ओघळ झाला. धरणाच्या पायथ्यातून, बंधाऱ्याच्या फटीतून, कुठल्या कालव्याच्या पाझरातून हे पाणी इथवर आलं असेल, सांगता येणार नाही. गढूळ होतं, हळूहळू नितळ झालं. तिने पहिल्या दोन वाट्या बाहेर फेकल्या आणि तिसरी माझ्यापुढे धरली. पाणी गार होतं.

मी वाटी रिकामी करून परत दिली. घागर अजून तळालाही भरली नव्हती, खड्डा पुन्हा कोरडा दिसत होता. मी म्हणालो, संपलं वाटतं.

"न्हाई संपत," ती म्हणाली. "जरा थांबा. येतंय."